आधी नाक, मग माणूस

पोस्टर कसं असावं असं कुणी नवखा विचारू लागला की मी त्याच्यापुढे आल्बर्ट एंगस्ट्रमचं १९२२ सालचं पोस्टर ठेवतो. त्या वर्षी २७ ऑगस्टला स्वीडनमध्ये दारूबंदीवर सार्वमत होतं आणि एंगस्ट्रम बंदीच्या विरोधात. बाजू अवघडच, दारूचं गुणगान चारचौघांत कोण करणार? त्याने ते केलंच नाही. टेबलावर लालभडक क्रेफिश (गोड्या पाण्यातली चिमुकली शेवंडंच म्हणा ना), सोबत दारू, आणि बोट रोखून दटावणारा एक बाप्या, चेहऱ्याने थेट एंगस्ट्रमच. मजकुराचा आशय एवढाच, की क्रेफिशबरोबर ही पेयं हवीतच. विरोधात मत दिलं नाहीत तर क्रेफिशवरही पाणी सोडा. ऑगस्ट हा तिकडे क्रेफिशच्या मेजवान्यांचा महिना. तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाशी वाद घालावाच लागत नाही.

बंदी थोडक्यात हुकली: विरोधात ५१ टक्के, बाजूने ४९. स्त्री-पुरुषांची मतं वेगळी मोजली होती आणि स्त्रियांचा कौल बंदीच्याच बाजूचा निघाला. हा निकाल पोस्टरने फिरवला असं मी म्हणणार नाही. असल्या फुशारक्या आमच्या धंद्यात फार चालतात. मला त्यात आवडतं ते वेगळंच. टर उडवायची होती तर त्याने आधी स्वतःलाच आणून उभं केलं.

जन्म १८६९चा, स्मोलंडमधला; वडील स्टेशनमास्तर. उप्सालाला लॅटिन-ग्रीक, मग गोथेनबर्गला कार्ल लार्सनच्या हाताखाली चित्रकला. १८९७मध्ये स्वतःचं विनोदी साप्ताहिक काढलं, ‘स्त्रिक्स’. चित्रंही काढायची आणि मजकूरही लिहायचा. लिहिता हात इतका पक्का, की १९२२मध्येच स्वीडिश अकादमीने त्याला आत घेतलं.

‘स्त्रिक्स’मधून घराघरांत पोचला तो कोलिंगेन: स्टॉकहोमचा फाटका, पिदाड, भटक्या माणूस. सोबतीला बोब्बन नावाचा दोस्त. झिंगलेला माणूस काढायला बसलं की नवशिके तोंडापासून सुरुवात करतात. अर्धे मिटलेले डोळे, लाल नाक, झालं! खरं तर सुरुवात पायांपासून करायची. भार कुठल्या टाचेवर पडलाय, गुडघा कुठे ढिला झालाय, आणि तोल जाऊ नये म्हणून खांदा कुठल्या बाजूला कलतोय, एवढं जमलं की चेहऱ्यावर दोन रेघा पुरतात. मी ते कोलिंगेनकडे बघत बघतच शिकलो. तो दारुड्या आहे म्हणून आपण हसत नाही. त्याचं तर्कशास्त्र आपल्यापेक्षा सरळ निघतं म्हणून हसतो.

आणि याच हाताने ज्यूंची चित्रंही काढली. ‘स्त्रिक्स’च्या पानांवर ती पुन्हा पुन्हा येतात. ती बघताना मला चीड येते ती माणूस म्हणून, पण कारागीर म्हणूनही. रेघ तीच, सफाई तीच, पण तिथे आधी नाक काढलंय आणि त्याला मागाहून माणूस चिकटवलाय. साचा तयार असला की बघायचे कष्ट वाचतात. डेडलाइनच्या दिवशी हा मोह कुणाला होत नाही?

तो काळच तसा होता, अशी सफाई त्याचे चाहते देतात. काळ तसा होता, मान्य. पण कोलिंगेनही त्याच काळातला, त्याच साप्ताहिकातला. पुढे एंगस्ट्रम ग्रिसलहाम्नला समुद्रकाठी राहायला गेला, तिथल्या खडकांवर स्टुडिओ बांधला, आणि आसपासच्या कोळ्या-शेतकऱ्यांना त्यांच्या बोलीसकट कागदावर आणलं. माणूस बघायची नजर त्याच्याकडे नव्हती असं म्हणायला जागाच नाही. स्टॉकहोममध्ये ज्यू दुकानदारही त्याला येता-जाता दिसत असणारच. त्याच्या पायांकडे मात्र त्याने पाहिल्याचं दिसत नाही.