थिएटरच्या दाराबाहेरचे सहा तास

मागच्या महिन्यात आमच्या शिवाजी पेठेतल्या एका जोडप्याबरोबर मुंबईला गेलो होतो. सात महिन्यांचं बाळ. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. लिहा म्हणालेत, पण नाव नको.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना बाळाच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, तिथून हे कळलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते, गरज पडली तर ऑपरेशनचीही सोय होते. हजार बाळांमागं साधारण आठ-नऊ जणांना जन्मतःच हृदयाचा काही ना काही दोष असतो. म्हणून तपासणीच्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.

बाप उद्यमनगरात लेथवर काम करतो. "दादा, तुम्हाला कागदपत्रातलं कळतंय, चला की संगट," म्हणाला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो. कागद झाले. ऑपरेशनला पैसे लागले नाहीत.

सकाळी आठ वाजता बाळ आत नेलं. नर्सनं हातातल्या काळ्या मनगट्या काढून आईच्या तळहातावर ठेवल्या. तिनं मूठ मिटली ती मिटलीच. दार बंद झालं.

मग काय करायचं? बसायला चार खुर्च्या, माणसं तीसेक. चहा आणला, कुणी घेतला नाही. कोल्हापुरातनं आज्जीचा दर अर्ध्या तासानं फोन, "काय सांगितलं काय रं?" कुणीच काही सांगत नव्हतं. दार उघडलं की तीसच्या तीस माणसं उठायची. कुणीतरी ट्रॉली घेऊन निघून जायचं, माणसं परत बसायची. दुधाची वेळ झाली तशी आई भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. बाप मला म्हणाला, "दादा, लेथ बिघडला तर मी हात तरी घालतो. हितं नुसतं बसायचं."

मला एक वाचलेलं आठवलं. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी असंच भोक शिवलं होतं. तेव्हा हृदय थांबवून रक्त फिरवत ठेवायला भरवशाचं यंत्र नव्हतं. म्हणून बापाला शेजारच्या टेबलावर झोपवलं, नळ्या जोडल्या आणि भोक शिवून होईपर्यंत बापाच्या हृदयानं लेकराचं रक्त फिरवलं. ते बाळ पुढं न्यूमोनियानं गेलं, पण त्याच पद्धतीनं नंतर बरीच मुलं वाचली. आता ते काम यंत्र करतं. चांगलंच झालं. बाप मात्र दाराबाहेर आला आणि त्याच्या हाताला काही कामच राहिलं नाही.

साडेबाराच्या सुमारास हिरव्या कपड्यातली एक मुलगी दारात आली. बाळाच्या बापाचं नाव घेऊन म्हणाली, "यंत्र काढलंय. बाळाचं हृदय आपलं आपण चालतंय. अजून दीड तास लागेल." अर्ध्या मिनिटाचं काम. तिला कुणी सांगितलंही नसावं. आई खाली बसली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. दोन वाजता बाळ बाहेर आलं.

योजनेत ऑपरेशन आहे, औषधं आहेत. ते अर्धं मिनिट मात्र कुठल्याच कागदावर नाही, ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर आहे. माझं म्हणणं एवढंच, की लेकराचं ऑपरेशन चालू असताना तासातासाला कुणीतरी बाहेर येऊन दोन शब्द सांगावेत, असा नियमच करा. त्याला बजेट लागत नाही. आमदार-खासदारांच्या ओळखीतले जे कुणी हे वाचतील, त्यांनी एवढं त्यांच्या कानावर घालावं.

आणि पेठेतल्या तालमीच्या पोरांनो, रक्त द्यायला तुम्ही एका हाकेला येता, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. तसंच गल्लीतलं कुणी लेकरू घेऊन बाहेरगावी निघालं, तर एकानं संगट जा. जाऊन काही करायचं नसतं. नुसतं शेजारी बसायचं.

बाळ घरी आलंय. मनगट्या परत हातात आहेत.