रिकामीं घरटीं

एखाद्या कुटुंबाचा उत्कर्ष ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या संख्येवरून मोजूं नये, माजघरांतील पाळण्यावरून मोजावा, असें आम्हांस नेहमीं वाटतें. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींची हकीकत वाचल्यापासून तर हें मत अधिकच दृढ झालें आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरांत गॉफ नांवाचें सुमारें ६५ चौरस किलोमीटरांचें बेट आहे. ट्रिस्टन अल्बट्रॉस या महापक्ष्याची वीण जवळजवळ सर्वस्वी तेथेंच होते. जोडपें एका वेळीं एकच अंडें घालतें; पिल्लूं उडतें करण्यांत वर्षाचा बहुतेक काळ जात असल्यामुळें हा योग दोन वर्षांतून एकदांच यावयाचा. आईबाप अन्नासाठीं दूर समुद्रावर जातात, आणि पिल्लूं घरट्यावर एकटें बसून त्यांची वाट पाहतें.

१९ व्या शतकांत खलाशांच्या गलबतांतून आपल्या घरांतलाच उंदीर या बेटावर उतरला. ज्यास आपण गजाननाच्या चरणाशीं बसवितों, तोच तेथें निर्भय झाला, आकारानेंहि वाढला, आणि रात्रीं आपल्याहून शेंकडों पट वजनाच्या पिल्लास जिवंत कुरतडूं लागला. हें चलच्चित्र पाहिलें त्या दिवशीं आम्हांस घांस गोड लागला नाहीं. पिल्लूं प्रतिकारच करीत नाहीं! जेथें जमिनीवर फिरणारा शत्रु पूर्वीं कधीं नव्हताच, तेथें भय शिकवणार कोण?

खरी फसगत पुढेंच आहे. अल्बट्रॉस कित्येक दशकें जगतो. त्यामुळें पिल्लें मरत असतांहि प्रौढ पक्षी येतच राहतात, वसाहत भरलेली दिसते, आणि वंश खुंटत चालल्याचें उशिरां ध्यानांत येतें. २०२१ सालीं हेलिकॉप्टरांतून विषारी आमिष टाकून उंदरांच्या निर्मूलनाचा यत्न झाला. परंतु त्याच वर्षअखेरीस उंदीर पुन्हां दिसला.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. त्याच महासागरांतील असेन्शन बेटावर माणसांनीं नेलेल्या मांजरांमुळें फ्रिगेट पक्षी मुख्य बेट सोडून शेजारच्या लहानशा खडकाळ बेटावरच वीण करूं लागले होते. २००६ सालीं असेन्शन मार्जारमुक्त जाहीर झालें, आणि २०१२ सालीं फ्रिगेटांचीं घरटीं मुख्य भूमीवर पुन्हां दिसलीं. मध्यंतरीं शतकाहून अधिक काळ लोटला होता!

आपल्या वंशवृद्धीसाठीं पक्षी माणसापाशीं कांहींच मागत नाहीं. आपण त्याच्या दारांत जें नेऊन सोडलें, तें आपणच निस्तरलें, तरी पुरे.