चार पाय जमिनीवर

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. कुत्र्याच्या पिलाचे पाय मात्र धन्याच्या छातीवर दिसतात, हे मला वाघ्याने शिकविले.

वाघ्या उमरीला माझ्याकडे आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. लातूर जिल्ह्यातील एका स्नेह्याने त्याला टोपलीत घालून आणले होते. जात कारवानी. मराठवाड्यातल्या वाचकांना या कुत्र्यांची ओळख करून द्यायला नको. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर त्यांच्या पैदाशीसाठीच प्रसिद्ध आहे. लांबट तोंड, आत ओढलेले पोट, उंच सडपातळ पाय, आणि वासापेक्षा नजरेच्या भरवशावर सशामागे धावण्याची उपजत वृत्ती. कर्नाटकातील मुधोळचे कुत्रे याच घराण्यातले; २००५ साली आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळलाही मान मिळाला होता.

त्या वयात वाघ्याची झेप माझ्या गुडघ्यापर्यंतच पोहोचे. दिवसभराची कामे आटोपून मी फाटक उघडले की तो धावत येई, उड्या मारी, आणि मी त्याला उचलून छातीशी धरी. एकट्या माणसाच्या घरात कोणीतरी आपली वाट पाहत असते, हे सुख काही लहान नसते. वर्षभरात तो पंचवीस किलोंचा झाला. उडी तीच राहिली; आता तिचे पंजे माझ्या खांद्यांवर टेकू लागले. मी हसत होतो. मला ते आवडत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर एके सकाळी एक वृद्ध आजीबाई नातवाच्या शाळेच्या कामासाठी पत्र मागायला आल्या. फाटक उघडे होते. मी ओसरीवरून ‘वाघ्या, नको!’ असे ओरडेपर्यंत त्याचे पंजे त्यांच्या खांद्यांवर होते. त्या फरशीवर पडल्या. उजवे मनगट मोडले, आणि दंडावर नखांचे दोन ओरखडे उठून रक्त आले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्यांना घेऊन नांदेड गाठले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले, कुत्र्याच्या लसीचे कार्ड पाहिले आणि आजीबाईंनाही लस टोचली. रक्त काढणारा ओरखडा हा चाव्याइतकाच गांभीर्याने घ्यावा लागतो, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले. मी मान खाली घालून ऐकत होतो.

परतताना आजीबाई म्हणाल्या, “फादर, त्याला मारू नका बरं. त्यानं मायेनंच केलं की.”

ते शब्द मला रागावण्यापेक्षा अधिक लागले. त्या रात्री आमच्या स्वयंपाक्याने भीत भीत आणखी एक गोष्ट सांगितली. गेले काही महिने कितीतरी माणसे फाटकापाशी येऊन, वाघ्याला पाहून, तशीच माघारी जात होती. कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणाला दोन शब्द बोलायचे असतील. ज्या घराचे दार सर्वांसाठी उघडे असावे म्हणून मी तिथे राहत होतो, त्या दारात मीच माझ्या कौतुकाचा पहारेकरी बसविला होता.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, साखळीने बांधा. कोणी म्हणाले, कुत्रा सत्ता गाजवायला उडी मारतो; छातीत गुडघा हाणा, म्हणजे धनी कोण ते कळेल. मी एकदा गुडघा हाणलाही. वाघ्या किंचाळला आणि दोन दिवस खाटेखालून बाहेर आला नाही. कारवानी कुत्रा अंगाने काटक, पण मनाने फार हळवा; कठोर हाताने तो सुधारत नाही, विटतो. आणि सत्तेची ती कल्पनाही फारशी टिकलेली नाही. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट केले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, एक कुटुंबच. त्या कुटुंबातली पिले शिकारीहून परतलेल्या मोठ्यांच्या तोंडाशी झेपावतात, ते चाटतात, आणि मोठे पोटातले अन्न काढून त्यांना भरवितात. वाघ्याची झेप त्याच वळणाची होती. त्याला माझ्या तोंडापर्यंत पोहोचायचे होते, एवढेच.

सेमिनरीत असताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांचे मांजरांवरील १८९८चे प्रयोग वाचले होते. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे त्यांचे सार. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. घरात मात्र ते कधी लागू केले नाही. वाघ्याच्या उडीला मी रोज मजुरी देत होतो. त्याला हाताने ढकलणे हा त्याच्या लेखी खेळ होता. ओरडणे हीही त्याच्याशी बोलण्याचीच एक तऱ्हा होती.

तेव्हा मजुरी बंद केली. वाघ्या उडी मारायला आला की मी हात छातीशी बांधून, तोंड फिरवून, खांबासारखा उभा राही. ना शब्द, ना नजर. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाली वाकून कौतुक आणि ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा. त्याबरोबर ‘बस’ हा शब्द शिकविला, कारण बसलेल्या कुत्र्याला त्याच वेळी उडी मारता येत नाही; नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा काय करावे हे सांगणे त्यालाही सोपे जाते. फाटकाजवळ एक गोणपाट अंथरले आणि पाहुणा आत येईपर्यंत गळ्यात दोरी ठेवली. पहाटे शेताच्या बांधाने त्याला मनसोक्त पळवून आणू लागलो.

पहिल्या आठवड्यात उड्या कमी न होता वाढल्याच. जुने नाणे चालेना म्हणून तो ते अधिक जोराने वाजवून पाहत होता. तिथे धीर सोडला असता, तर अधिक उंच उडीलाच फळ मिळते हे मी त्याला शिकविले असते. शेजारची मुले गुपचूप त्याला अंगावर घेत. त्यांना जवळ बसवून समजाविले, आणि पुढे तीच त्याची उत्तम शिक्षक झाली.

नियम मोडला तो मीच. तीन दिवसांच्या प्रवासाहून रात्री थकून परतलो. अंधारातून तो धावत आला, झेपावला, आणि मी त्याला कवटाळले. एकदाच! त्या एका मिठीने दहा दिवसांची मेहनत वाया गेली. मटक्याचा नाद असलेला माणूस रोज जिंकत नाही. कधीतरी जिंकतो, म्हणूनच त्याचा नाद सुटत नाही. कधीमधी मिळणारे बक्षीस सवयीला अधिक चिवट करते. त्या रात्री मला कळले की वाघ्याला उडीची जेवढी सवय होती, तेवढीच मला त्या उडीची होती. शिक्षण दोघांचे चालले होते, आणि मागे पडलेला विद्यार्थी मी होतो.

तोबीतच्या पुस्तकात तोबिया परदेशी निघतो तेव्हा त्याचा कुत्रा त्याच्यामागे चालतो, आणि परतीच्या वाटेवरही तो असतो. त्याच्याविषयी शास्त्रलेखक एवढेच सांगतो. तो कोणाच्या अंगावर झेपावल्याचा उल्लेख नाही. बरोबर चालणे, एवढेच प्रेम तिथे पुरेसे झाले आहे.

प्लास्टर निघाल्यावर आजीबाई पुन्हा आल्या. फाटकाबाहेर थबकल्या. मी दोरी हातात धरून ‘बस’ म्हटले. वाघ्या गोणपाटावर बसला. सारे अंग थरथरत होते, शेपटी जमीन झाडत होती, पण पाय जागचे हलले नाहीत. आजीबाई आत आल्या, किंचित वाकल्या आणि त्याच मनगटाच्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरविला. “आता शहाणा झाला की,” त्या म्हणाल्या. कोणाविषयी म्हणाल्या, ते मी विचारले नाही. आत जाऊन राहिलेले पत्र लिहून दिले.

आता फाटक उघडताना माणसे थबकत नाहीत. संध्याकाळी मी परततो तेव्हा वाघ्या पुढे येऊन बसतो आणि मी वाकण्याची वाट पाहतो. त्या उडीची त्याला आठवण येत असेलही. मला मात्र ती रोज येते.