दाराजवळची खुंटी

छत्तीस वर्षें आम्हीं मुलांना शिकविलें. त्या काळांत जीं वाक्यें आमच्या तोंडीं कायमचीं बसलीं, त्यांत 'लक्ष कोठें आहे तुझें?' हें पहिलें. त्या प्रश्नाचें उत्तर मिळावें अशी आमची अपेक्षा मुळींच नसे. ज्याला तो वारंवार विचारावा लागे, त्यास मागील बाकाशीं उभें करून आम्ही मोकळे होत असूं. असा एक मुलगा तर सबंध वर्षभर तेथेंच उभा होता म्हटलें तरी चालेल. पुढें त्यानें शाळा सोडली. तो आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि अलीकडे ही गोष्ट रात्रीं अपरात्रीं आठवून झोंप उडते.

ती आठवण्याचें कारण आमचा दहा वर्षांचा नातू. दप्तर रिक्षांत विसरणें, गणित बरोबर सोडवून उत्तर मात्र चुकीचें उतरविणें, जेवतां जेवतां ताटावरून उठून अंगणांत जाणें, असा त्याचा क्रम. शाळेंतून चिठ्ठ्या येत. एकत्र कुटुंबांत सल्लागारांस तोटा नसतो. आमच्या घरीं मोठीं माणसें सात आणि सातांचीही शिस्त निराळी! सर्वांत थोर या नात्यानें आम्हीं अकरा कलमांचें वेळापत्रक आंखून भिंतीस लाविलें. चौथ्या दिवशीं पोर त्यापुढें बसून रडूं लागलें. "आजोबा, कोठून सुरुवात करूं तेंच समजत नाहीं," असें तें म्हणालें. आम्हांस ती सबब वाटली. त्या संध्याकाळीं नातू घरांत सांपडेना. दिवेलागणीनंतर शेजारच्या गोठ्यांत, वैरणीच्या आडोशाला, झोंपलेला आढळला.

मग सूनबाईंनीं आमचें कांहीं एक न ऐकतां त्यास जळगांवीं डॉक्टरांकडे नेलें. तेथें पुष्कळ चौकशी झाली, घरच्यांस व शिक्षकांस प्रश्न झाले, आणि 'ए. डी. एच. डी.' हें नांव निघालें. हें एक नवें खूळ असें आम्ही म्हणणार होतों; परंतु वाचूं लागलों तों १७९८ सालीं अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें अवधानाच्या विकारांविषयीं लिहिलेलें, आणि १९०२ सालीं जॉर्ज स्टिल यांनीं लंडनमध्यें अशा मुलांवर व्याख्यानें दिलेलीं! या मुलांजवळ लक्ष नसतें असें नव्हे. तें हवें तेव्हां हवें तेथें वळवितां येत नाहीं. वेळेचा अंदाज, कामांचा क्रम, हातीं घेतलेलें ध्यानांत धरणें, हा मेंदूचा कारभारच ढिला पडतो. कामें एकदम पुढें आलीं कीं जीव गांगरतो, आणि पाहणारास तो आळस वाटतो. लाडानें तें होत नाहीं. बरेंच अंशीं तें वंशपरंपरेनें येतें, आणि अनेकांच्या ठायीं मोठेपणींही राहतें. "घरांत आणखी कोणी असें आहे काय?" असें डॉक्टरांनीं विचारतांच आमच्या सौभाग्यवती आमच्याकडे पाहून हंसल्या. आमच्या मेजावर त्या दिवशीं अर्धवट वाचलेलीं नऊ पुस्तकें होतीं, आणि चष्मा सकाळपासून हरवलेला होता. स्वतःस तें नांव लावून घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण तें हंसणें मनांतून जात नाहीं.

आजोबांनीं लहानपणीं आमच्याकडून गीतेचा सहावा अध्याय पाठ करून घेतला होता. मन वाऱ्यासारखें आवरण्यास कठीण आहे, अशी अर्जुन त्यांत तक्रार करतो. श्रीकृष्ण त्याला रागावत नाहीं. तो आधीं ती गोष्ट निःशंक मान्य करतो, आणि मगच अभ्यास सांगतो. मन जेथून निसटेल तेथून हळूहळू परत आणावें असेंही त्याच अध्यायांत आहे. निसटल्याबद्दल शिक्षा कोठेंही नाहीं. अध्याय शेंकडों वेळां म्हणूनही आम्हीं हें मान्य करणें तेवढें गाळलें होतें.

वेळापत्रक काढलें. दाराजवळ त्याच्या हाताला येईल अशी खुंटी ठोकली: घरांत शिरतांच दप्तर तेथें. तीन आठवडे एवढीच एक संवय. विसरला तर कोणीं ओरडावयाचें नाहीं, 'खुंटी' एवढाच शब्द उच्चारावयाचा. (सातही जणांस हें शिकविण्यास नातवापेक्षां अधिक दिवस लागले.) पुढें एक पाटी आली, तिच्यावर दिवसाचीं तीनच कामें. तो गांगरला कीं पुढ्यांतलें सर्व उचलून एक वही आणि एक गणित ठेवावयाचें. आम्ही शेजारीं आपलें पुस्तक घेऊन बसतों, शिकवीत नाहीं. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. त्यांत आम्ही पडत नाहीं.

आमच्या असोद्याचीं भरिताचीं वांगीं प्रसिद्ध आहेत. गेल्या हिवाळ्यांत अंगणांत कपाशीच्या काड्यांवर वांगीं भाजलीं, आणि पाढ्याला पांच मिनिटें न बसणारा हा मुलगा बडगींत तीं अर्धा तास एकाग्रतेनें ठेंचीत राहिला. ठेंचतां ठेंचतां दिवाळीच्या किल्ल्याची हकीकत अशी क्रमवार सांगूं लागला कीं आम्हीं कागद ओढून ती उतरून घेतली. शाळेनें दिलेला तोच निबंध त्यास आठवडाभर एक ओळही लिहवला नव्हता. बहिणाबाई चौधरी १८८० सालीं याच गांवीं जन्मल्या. त्यांस लिहितां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, कामाच्या नादांत त्या गाणीं रचीत, आणि तीं सोपानदेवांदिकांनीं उतरून घेतलीं म्हणून १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. आमच्या नातवाची त्यांच्याशीं तुलना नाहीं. परंतु लेखनिक होण्यांत कमीपणा वाटूं नये एवढें आम्हांस त्यावरून सुचलें. हल्लीं तो बोलतो, आम्ही लिहितों, आणि मग तो आपल्या हातानें नक्कल करतो.

विसरणें थांबलेलें नाहीं. परवांच दप्तर पुन्हां रिक्षांत राहिलें. मात्र खुंटीशेजारीं त्यानें आमच्या चष्म्याकरितां दुसरी लहान खुंटी ठोकली आहे, आणि आमच्यासाठींही एक पाटी केली आहे. त्या जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट आम्हीं त्यास सांगितली होती. पाटीवर आमचीं तीन कामें त्याच्याच वांकड्या अक्षरांत आहेत: वीजबिल, गोळी, आणि 'त्या मुलाला पत्र'. पहिलीं दोन रोज पुसलीं जातात. पत्राचा मजकूर लिहून झाला आहे. पत्ता अद्याप मिळालेला नाहीं.