पोटरी लवली तर काय?

आमच्या आजीचं शास्त्र पक्कं होतं. पुरुषाचा उजवा डोळा लवला की शुभ, डावा लवला की जपून. बायकांचं उलटं. पोटरी लवली तर काय, हे मात्र तिने सांगून ठेवलं नाही.

गेल्या महिन्यात माझी डावी पोटरी उडायला लागली. रिलीजचा आठवडा, रोजची चार तास झोप, आणि मशीनची कॉफी किती ते मोजलंच नव्हतं. दुखत नव्हतं. कातडीखालून कोणीतरी टिचक्या मारतंय असं वाटायचं, बस्स. मग मांडी, मग दंड. आता आपण पडलो इंजिनियर! एरर आली की मेसेज कॉपी करून सर्चमध्ये टाकायचा. तसाच हाही टाकला आणि मिनिटभरात समोर तीन अक्षरं आली. एएलएस.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी यात मरत जातात. हातपाय, बोलणं, गिळणं, आणि शेवटी श्वास. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेलं रिल्यूझोल आयुष्य थोडं लांबवतं, रोग बरा करत नाही. बहुतेकांना हा रोग पन्नाशीनंतर गाठतो, हे वाचून जरा धीर येतोय तोवर स्टीफन हॉकिंग आठवतात. १९६३ मध्ये निदान झालं तेव्हा वय २१. (ते २०१८ पर्यंत, वयाच्या ७६ पर्यंत जगले, हे मात्र रात्री दोन वाजता आठवत नाही.)

त्यातच आईचा फोन. "अरे, रविवारी मुलीकडचे येतायत, तू शनिवारीच ये."

रूममेटला हसत हसत सांगता येतं, आईला काय सांगणार? आणि समोर बसलेल्या मुलीशी पुढच्या तीस वर्षांच्या गोष्टी कुठल्या तोंडाने करायच्या? कामाचं कारण सांगून रविवार पुढे ढकलला आणि न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

"पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते," मी म्हटलं.

"वाटतं ते राहू द्या. जमेनासं काय झालंय ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

मी विचार करत बसलो. जिना चढत होतो. शर्टाची बटणं लागत होती. किल्ली कुलपात फिरत होती. चप्पल पायातून निसटत नव्हती. मग त्यांनी टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, हातोडीने गुडघे ठोकले, जीभ बघितली. स्नायूत सुई घालून त्यातली विजेची हालचाल बघायची ईएमजी नावाची तपासणीही झाली. सगळं नॉर्मल.

घरी येताना डॉक्टरांचा प्रश्नच डोक्यात होता. आमच्याकडे दोन प्रकारची तिकिटं येतात. एक, "सिस्टीम स्लो वाटतेय." दुसरं, "सेव्हचं बटण दाबलं तर फाइल सेव्ह होत नाही." पहिल्यावर आठवडाभर लॉग चाळा, हाती काही लागत नाही. दुसरं तासाभरात सापडतं. एएलएस सहसा दुसऱ्या प्रकारचं तिकीट टाकतो. काहीतरी जमेनासं होतं, आणि ते वाढत जातं.

सर्चची गोम अशी की तिथे प्रश्न उलटा होतो. एएलएसच्या रोग्यांचे स्नायू उडतात, हे खरंच आहे. पण ज्यांचे स्नायू उडतात त्यांच्यापैकी एएलएस किती जणांना? या रोगाचे नवे रोगी वर्षाला लाखात साधारण एक ते दोन. लाखातल्या निम्म्यांचा एखादा स्नायू कधी ना कधी उडतो असं हिशेबापुरतं धरा. एकीकडे पन्नास हजार, दुसरीकडे दोन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये अशा १२१ जणांचा अभ्यास छापला. स्नायू उडतात, पण बाकी तपासणी नॉर्मल. २ ते ३२ वर्षं पाठपुरावा केला. मोटर न्यूरॉनचा रोग एकालाही झाला नाही.

मग उडतं कशाने? अपुरी झोप, कॉफी, टेन्शन, थकलेला स्नायू. गंमत बघा, ताकद तपासायला माणूस दिवसभर चवड्यांवर उभा राहतो, पोटरी थकते, थकली की अजून उडते, आणि तो अजून घाबरतो. इन्फिनिट लूप!

तुमच्यापैकी कोणी आत्ता या लूपमध्ये असेल, तर एवढंच करा. वाटतं काय ते सोडा, जमत नाही काय त्याची यादी करा. पाय घासटत असेल, पकड सुटत असेल, बोलणं जड होत असेल, तर सर्च बंद करून सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे जा. यादी कोरी राहिली तरी एकदा दाखवून या आणि मग झोपा.

शंभर टक्के खात्री ईएमजीने मिळते का? नाही. ती तशी कुणालाच मिळत नाही, पण त्यावाचून माणसं लग्नं करतातच की.

असो. पोटरी हे लिहितानाही उडतेय. उद्या सकाळची गाडी पकडायचीय, रविवारी कांदेपोहे आहेत. :)