अनार आणि डाळिंब

बीएडच्या परीक्षेत ज्ञानरचनावादावर मी चांगले मोठे उत्तर लिहिले होते. पियाजे, वायगॉट्स्की, सारे काही. 'मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे' या वाक्याखाली पट्टीने रेघही मारली होती. पुढे कितीतरी वर्षांनी चार वर्षांच्या एका मुलीने ते वाक्य मला पुन्हा शिकवले.

शाळेला जोडून असलेल्या बालवाडीचे काम तेव्हा माझ्याकडे आले होते. मी चित्रकार्ड दाखवले. ती उत्साहाने म्हणाली, "अनार!" मी म्हणाले, "चूक. डाळिंब म्हण." मी स्वतः उर्दू शिकवते. माझ्याही घरात अनारच म्हणतात. तरीही माझ्या तोंडून 'चूक' निघाले, कारण तो तास मराठीचा होता.

त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. मी नोंदवहीत लिहिले, 'प्रतिसाद नाही.'

महिन्याभराने तिची अम्मी आली. "मॅडम, घर में तो चुपच नै बैठती," म्हणत तिने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. मुलगी बाहुलीला शिकवत होती. "अनार को मॅडम डाळिंब बोलते. बोल!" बाहुली बोलेना. मग तिने बाहुलीच्या हातावर चापट मारली, "चूक! चूक!"

तो आवाज माझा होता. शब्द तिला येत होता, अर्थ येत होता, दोन भाषांचा मेळही तिने स्वतःच घातला होता. माझ्याकडून मात्र ती फक्त 'चूक' एवढेच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मी खरेखुरे डाळिंब नेले. मुलांनी ते सोलले, दाणे मोजले, बोटे लाल केली. मी विचारले, "घरी याला काय म्हणता?" एक मुलगा म्हणाला, "अनार म्हणजे फटाका!" सगळे हसले. तीही हसली आणि हळूच म्हणाली, "नै, खाने का भी रहता."

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत हेच केले. पाने, बिया, शिंपले, म्हणजे मुलाच्या अंगणात जे आहे तेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 हा वयोगट पायाभूत स्तर मानला आहे आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. कागदावर सगळे आहे. अडते ते आपल्या जिभेवर.

मोबाइलचेही तसेच. मिश्र अध्ययन म्हणून पूर्वी मी गटावर मुळाक्षरांचे तयार व्हिडिओ टाकत असे. मुले ते बघत आणि पुढचे कार्टून लावत. आता मी उलटे करते. आज वर्गात कोणती वस्तू हाताळली ते पालकांना कळवते आणि तिच्याबद्दल घरच्या बोलीत मुलाशी बोलून त्याचा आवाज पाठवायला सांगते. दुसऱ्या दिवशी तो आवाज वर्गात ऐकवते. आपला आवाज ऐकून मूल ताठ बसते. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांची मुले घरून शब्द तोंडी घेऊन येतात. तेही चालते.

नोंदवहीतले ते दोन शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्यापुढे फक्त एवढेच लिहिले, 'माझा.'