मुलांच्या मागें, खाडीच्या कांठीं

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेस निघालें म्हणजे दहिसर सुटल्यावर मीरा रोड व भाईंदर हीं दोन स्थानकें लागतात, आणि लागलीच गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर चढते. रोज हजारों माणसें या स्थानकांवर चढतात, उतरतात. परंतु खिडकीबाहेर डोकावून खाडींत भरती आहे कीं ओहोटी हें पाहणारा प्रवासी विरळाच. गर्दींत मान वळेल तर ना, असें कोणी म्हणेल. तेंही खरेंच आहे. साष्टीच्या उत्तर टोकाचा हा मुलूख मोठा चमत्कारिक. पश्चिमेस उत्तन-डोंगरीचा समुद्रकांठ, उत्तरेस उल्हास नदी जींतून समुद्रास मिळते ती खाडी, पूर्वेस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि या तिहींच्या मध्यें मिठागरें, तिवरांचीं रानें व त्यांवर चाल करून आलेल्या टोलेजंग इमारती. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतींत वस्ती ८,०९,३७८ भरली. एवढ्या वस्तींत मुलें किती असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा. त्यांतील बहुतेकांचें अंगण म्हणजे इमारतीखालील मोटारी ठेवण्याची जागा होय.

गेलीं तीन वर्षें आम्ही व आमच्या सोसायटींतील आठ-दहा कुटुंबें महिन्यांतून एकदां-दोनदां मुलांस घेऊन बाहेर पडतों. घेऊन पडतों म्हणण्यापेक्षां मुलें आम्हांस घेऊन पडतात असें म्हणणें अधिक बरोबर. ही कांहीं संस्था नव्हे. हिला नांव नाहीं, वर्गणी नाहीं, पत्रक नाहीं. नियम एकच, आणि तो वडीलधाऱ्यांसाठीं आहे: मूल जिकडे वळेल तिकडे वळावयाचें, तें थांबेल तेथें थांबावयाचें, आणि विचारल्यावांचून कांहीं सांगावयाचें नाहीं. पाणी, साप व रहदारी यांपासून राखण करणें एवढेंच मोठ्यांचें काम. नियम ऐकावयास सोपा आहे. पाळावयास इतका कठीण आहे कीं पहिल्या दिवशीं तो अर्धा तासही टिकला नाहीं.

पहिल्या खेपेस आम्ही भाईंदर पूर्वेस जेसल पार्काकडील खाडीकांठीं गेलों. आयांनीं पाण्याच्या बाटल्या, टोप्या, रुमाल, हात धुण्याचें औषध असा सरंजाम बरोबर घेतला होता. एका गृहस्थांनीं तिवरांविषयीं चार पानें माहिती छापून आणली होती, व ती मोठ्यानें वाचण्यास प्रारंभही केला. पहिलें पान संपण्यापूर्वींच मुलें पांगलीं! ओहोटीनें चिखल उघडा पडला होता आणि त्यांतून बोटभर उंचीच्या असंख्य काड्या वर आल्या होत्या. "ह्या कोणीं पेरल्या?" असें सहा वर्षांच्या एका मुलीनें विचारलें. कोणीं उत्तर दिलें नाहीं, हें त्या दिवसाचें मोठें यश. तिनें एक काडी ओढून पाहिली, ती उपटेना. मग ही आंत जाते तरी कोठें म्हणून ती चिखल उकरूं लागली. काडीखालीं तिला एक आडवें मूळ लागलें, आणि तें मूळ धरून ती सहा-सात हातांवरील तिवराच्या बुंध्यापाशीं जाऊन पोंचली. "आजोबा, ह्या झाडाच्याच आहेत! पण वर कशाला आल्या?" आतां मात्र सांगण्यास हरकत नव्हती. खाडीच्या चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून तिवर आपलीं मुळें वर काढून श्वास घेतो, असें आम्हीं सांगितलें. तिनें थोडा वेळ स्वतः नाक दाबून धरलें, मग सोडलें, आणि मान डोलाविली. पाठ्यपुस्तकांत 'श्वसनमुळें' हा शब्द तिला पुढें कधीं तरी भेटेल. तेव्हां तो तिच्या ओळखीचा निघेल.

त्याच दिवशीं कोणी तरी तिवराचें पान चाटलें. तें खारट लागलें, आणि पांच मिनिटांत सगळीं मुलें व दोघे वडील पानें चाटूं लागले. तिवर मुळांतून खारें पाणी ओढतो व नकोसें मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. खाडीचें पाणी स्वच्छ नाहीं, तेव्हां आया चिडल्या त्यांत त्यांचें चुकलें नाहीं. तेव्हांपासून पान आधीं बाटलींतील पाण्यानें धुवावयाचें असें ठरलें. आणि धुतलेलें पान खारट लागत नाहीं हा नवाच शोध त्यांतून लागला. दुसऱ्या दिवशीं मीठ पुन्हां येतें काय, हें पाहण्यासाठीं एका मुलीनें आपल्या वडिलांस सोमवारीं कचेरीस जाण्यापूर्वीं खाडीवर नेलें.

नऊ वर्षांच्या एका मुलाविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. हा वर्गांत लक्ष देत नाहीं असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर वरचेवर येई, आणि घरांत त्याच्यापुढें त्याच्या मंदपणाची चर्चा होई. चिखलांत लहान लहान खेंकडे असतात. नराची एक नांगी एवढीशी व दुसरी अंगाहून मोठी. पाऊल वाजलें कीं क्षणांत सगळे बिळांत. इतर मुलें त्यांच्या मागें धांवलीं व कंटाळलीं. हा मुलगा मात्र खालीं बसला. न हललें तर ते पुन्हां बाहेर येतात हें त्याला दिसलें. मग किती वेळानें येतात हें पाहण्यासाठीं त्यानें वडिलांचें घड्याळ मागून घेतलें. लहान आधीं येतात कीं मोठे, मोठी नांगी डावीकडे किती जणांची व उजवीकडे किती जणांची, असें त्याचें काम चाळीस मिनिटें चाललें. वडील दोन वेळां पाढ्यांवरून बोलले, तिसऱ्या वेळीं ते बोलावयास वांकले तों मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुमची सावली हलते आहे." वडील खालीं बसले. ते तेथें बसले ते सर्व मंडळी निघेपर्यंत उठले नाहींत. घरीं जातांना ते आम्हांस एवढेंच म्हणाले कीं, "मास्तर, ह्याला इतका वेळ गप्प बसतां येतें हें मला ठाऊक नव्हतें." प्रगतिपुस्तकावरील शेरा अद्याप तसाच येतो; घरांतील ती चर्चा मात्र बंद झाली आहे.

गुरें राखतां राखतां विद्या मिळते ही गोष्ट आपल्या वाङ्मयास नवी नाहीं. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबालास गुरूनें चारशें रोडक्या गाई देऊन रानांत पाठविलें. त्यांच्या हजार होईपर्यंत तो परतला नाहीं, आणि वाटेंत त्याला उपदेश केला तो वृषभानें, अग्नीनें, हंसानें आणि मद्गूनें. मद्गु म्हणजे पाण्यांत बुडी मारणारा पक्षी. आपला पाणकावळाच तो असावा. भाईंदरच्या खाडींत खुंटावर पंख पसरून तो उन्हांत वाळत बसलेला दिसतो, तेव्हां सत्यकामाची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले त्यांत पृथ्वी, समुद्र, कोळी, मधमाशी यांच्या जोडीला एक अर्भकही आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं.

जुनें राहो, याच रेल्वेच्या वाटेवर अलीकडचा दाखला आहे. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर काम केल्यावर १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. १९७५ सालीं सरकारनें देशभर सुरू केलेल्या योजनेंतील 'अंगणवाडी' या शब्दाचें मूळ तेथें आहे. पुढें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारल्यांचीं मुलें दिवसभर गुरांमागें असत. शाळेंत यावयास त्यांस सवड कोठली? म्हणून ताराबाईंनीं व अनुताई वाघ यांनीं कुरणशाळा काढली. गुरें चरत आहेत, मुलें राखीत आहेत, आणि शिक्षक त्यांच्या मागोमाग कुरणांत आहे. माँटेसरीबाईंचीं महागडीं साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. शिंपले, बिया, पानें, खडे यांवर मोजणें व रंग ओळखणें चाले. भाईंदरहून डहाणूच्या लोकलनें दोन तासांच्या आंतबाहेर त्या बाजूस जातां येतें. परदेशांतील अरण्यशाळांचीं वर्णनें भ्रमणध्वनीवर वाचून भारावणाऱ्या पालकांस आम्ही आधीं त्या गाडींत बसावयास सांगतों.

उत्तनची फेरी आमच्या मंडळींत विशेष गाजली. तेथील कोळीवाड्यांत पावसाळा सरला कीं बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घालतात. शाकाहारी घरांतील आम्ही मोठीं माणसें नाकाला रुमाल लावून उभीं. मुलांस वासाचें कांहींच वाटत नव्हतें. बोंबील दोरीवर बांधलेले नाहींत, तरी पडत नाहींत हें कसें, असा प्रश्न एकानें काढला. मुलांनीं जवळ जाऊन पाहिलें: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकविलेले असून ती जोडी दोरीवर दुतर्फा लोंबत होती. एका वृद्ध कोळीण मावशींनीं मुलांस तें करून दाखविलें व त्यांच्याकडून करवून घेतलें. आमच्यांतील एका आईनें डोळे मिटले. परंतु नियम नियम आहे.

भरतीची वेळ कशी ओळखावी हें कोळी लोकांच्या ठोकताळ्यावरून मुलांस कळलें. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते आणि पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटें, तेव्हां हिशेब पुष्कळसा जुळतो. खाडींत आंत आंत जावें तसतसा थोडा उशीर धरावा. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीस भांग, हेंही त्यांत आलेंच. घरीं पंचांग संकष्टीच्या चंद्रोदयापुरतें उघडलें जाई. तें आतां मुलें ओहोटीसाठीं उघडतात, व पाऊणकीच्या पाढ्यास, जो शाळांतून गेला तो गेलाच, त्यांच्या घरीं पुन्हां जागा मिळाली आहे.

डोंगराकडे म्हणजे चेण्याकडे आम्ही पावसाळ्याच्या शेवटीं जातों. घोडबंदर रस्त्यालगत राष्ट्रीय उद्यानांतून उतरणारी चेणे नदी तेव्हां निवळ असते. मुलें तेथें दगडांचे बांध घालतात, ते फुटतात, तीं पुन्हां घालतात. यापलीकडे त्या दिवशीं कांहीं होत नाहीं, व व्हावें असें आम्हांस वाटतही नाहीं. त्या डोंगरांत कारवी आहे. ती सात वर्षें मुकाट वाढते आणि आठव्या वर्षीं एकदांच फुलून मरते; २०१६ सालीं फुलली, २०२४ सालीं फुलली. आतां सहा वर्षांचें असलेलें मूल तिला पुढच्या खेपेस पाहील तेव्हां त्याला मिसरूड फुटत असेल. या बाजूस बिबट्याचा वावर आहे, म्हणून उजाडल्यावर जावें, दुपारीं परतावें, वनखात्याची हद्द परवानगीवांचून ओलांडूं नये. घोडबंदरचा किल्ला, जो मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांकडून घेतला, वाटेवरच आहे. पण मुलें तेथें इतिहास सोडून भिंतींतील पिंपळ मोजीत बसतात.

हल्लीं पैसे घेऊन निसर्गशिबिरें भरविण्याची चाल पडली आहे. त्यांस आमचा सरसकट विरोध नाहीं. परंतु झाडाच्या नांवाचा कागद भरून घेतल्याखेरीज जेथें मुलास झाडाखालीं बसूं देत नाहींत तेथें निसर्ग म्हणजे छपराविना वर्ग. भ्रमणध्वनीवर फुलाचें छायाचित्र घेऊन तत्क्षणीं नांव काढणाऱ्या पालकांचेंही तसेंच. नांव आलें कीं पाहणें संपलें! डोळ्यांचे वैद्य निराळ्याच कारणानें मुलांस बाहेर पिटाळा म्हणतात: उजेडांत घालविलेल्या वेळानें लहानपणींचा दूरचें न दिसण्याचा दोष उशिरा किंवा कमी येतो असें आढळलें आहे, आणि तैवानांत २०१० पासून शाळांतील मुलांस रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा प्रयत्न चालू आहे. आमच्याकडे तेवढी वेळ काढावयाची म्हटली तर दोन शिकवण्या बुडतात, असें एका मातोश्रींनीं आम्हांस हिशेब करून दाखविलें.

वेळ काढतां येईल. जागा मात्र काढून मिळत नाहीं. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडसाठीं हजारों झाडें तोडण्याचा प्रश्न २०२५ सालीं फार गाजला. मेट्रो नको असें आम्ही म्हणणार नाहीं. लोकलच्या दारांत लोंबकळणारे आमचेच विद्यार्थी आहेत. पण सभांतून व अर्जांतून झाडांची संख्या तेवढी येई. त्या टेकडीवर कोणतें मूल चढलें होतें व त्यानें तेथें काय पाहिलें होतें, हें कोणी विचारीत नसे. आमच्या मंडळींतील मुलांनीं आपण पाहिलेल्या झाडांची, बिळांची व घरट्यांची एक वही केली आहे. चित्रें बेताचीं आहेत, शुद्धलेखन त्याहून बेताचें; तरी प्रत्येक पानावर जागा, तिथी व वेळ आहे. ही वही नगरसेवकांस दाखवावी असा मुलांचाच आग्रह आहे, आणि नियमाप्रमाणें आम्हांस मागोमाग जावें लागणार आहे.

या बाजूच्या वाचकांपैकीं कोणास यावयाचें असल्यास खाडीसाठीं चतुर्थी उत्तम: भरती तीनला, म्हणून ओहोटी सकाळीं नऊच्या सुमारास, व चिखल उघडा. मिठागरांचीं कोंडीं पाऊस संपल्यावर भरूं लागतात; मीठ धरूं लागलेलें पाहावयाचें असेल तर फाल्गुन-चैत्रांत यावें, आणि आगरांतून चालण्यापूर्वीं तेथील माणसांस विचारावें. जुने कपडे घालावे. छापील माहिती आणूं नये.